वस्ताद, तुमचा राग चुकीच्या गार्डवर आहे

"तोंडात रबर घालून कुस्ती हुती व्हय?" सातारा-सांगलीच्या तालमींत हा प्रश्न विचारला जातो तो उत्तर मिळावं म्हणून नव्हे, विषय मिटावा म्हणून. कबड्डीच्या मैदानावर त्याचं दुसरं रूप ऐकू येतं: "गार्ड घालून दम घुमवायचा कसा?" शाळेत क्रीडाशिक्षक विचारतात, नियमात कुठं लिहिलंय? घरी वडील म्हणतात, दोन हजार रुपये, आणि ते दातांच्या झाकणाला? चौघांची कारणं वेगळी, निकाल एकच. पोरगं दात उघडे टाकून मैदानात उतरतं.

या चौघांना उत्तर द्यायला हा लेख लिहितो आहे. चारांपैकी एक आक्षेप पूर्ण खरा आहे, हे आधीच कबूल करतो. तो खरा आहे म्हणूनच बाकीच्या तिघांना बळ आलं आहे. पण तो कुठल्या गार्डबद्दल खरा आहे, हे कुणी विचारत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी परंपरेचा मुद्दा घेऊ, कारण तो सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला जातो. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांनी कुठं गार्ड घातलं होतं? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी? बरोबर आहे, नव्हतं घातलं. पण खाशाबांचं नाव घ्यायचं तर त्यांची गोष्ट पुरी सांगायला हवी. १९४८ साली ते लंडनला गेले आणि सहावे आले. मातीत घडलेल्या या पैलवानाला तिथे गादीवर, परक्या नियमांनी लढावं लागलं. "आमच्याकडं असलं नसतं" असं म्हणून ते तालमीत परत येऊन बसले असते, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी गादी आपलीशी केली. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले, गावाने वर्गणी काढली आणि १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं. नव्या गोष्टीला नाक मुरडण्यासाठी या माणसाचं नाव वापरणं म्हणजे त्यांच्याच मेहनतीवर पाणी ओतणं.

दुसरं उदाहरण सांगलीचंच. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. तेव्हा डोक्याला हेल्मेट नावाची वस्तू नव्हती. आज त्याच सांगलीत लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना हेल्मेट घालून खेळायला उतरते. ती हजाऱ्यांपेक्षा भित्री आहे, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. डोक्याच्या बाबतीत जो वाद क्रिकेटमध्ये केव्हाच संपला, तोच दातांच्या बाबतीत आपण कुस्ती-कबड्डीत पहिल्यापासून घालतो आहोत.

मोडलेल्या कानाचा मान मी समजू शकतो. कान सुजून घट्ट झालेला पैलवान एसटीत चढला तरी लोक ओळखतात, जागा देतात. कान मोडलेला असणं ही तालमीत काढलेल्या वर्षांची पावती. पण पुढचे दोन दात नसलेल्या पोराकडे बघून कुणी "पैलवान दिसतोय" म्हणत नाही. ते पोर हसताना तोंडावर हात धरायला शिकतं, एवढंच.

मार नेमका कुठून येतो, हे वस्तादांना मी सांगायला नको. एकेरी पट काढायला पोरगं खाली शिरतं आणि समोरच्याचा गुडघा हनुवटीखाली बसतो. खालचा जबडा वरच्यावर आदळतो. यात समोरच्या दातांना थेट काही लागलेलंही नसतं, तरी दाढांचे टवके उडतात, जीभ मध्ये सापडते. घिस्सा मारताना मनगट ओठांवरून जातं आणि ओठ आतून स्वतःच्याच दातांवर फाटतो. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू घोट्याला सूर मारतो. चढाई करणारा सुटण्यासाठी पाय झाडतो, तेव्हा त्याची टाच कुणाच्या तोंडाच्या उंचीवर असते? दोघे बचावपटू दोन बाजूंनी एकाच चढाईपटूवर झेपावतात आणि डोकं एकमेकांच्या तोंडावर आपटतं, हे तर दर सामन्यात दिसतं. हॉकीत हा धोका दुप्पट, कारण तिथे काठीही आहे आणि कठीण चेंडूही. फलटण तालुक्याने देशाला वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांच्यासारख्या हॉकीपटू दिल्या. त्यांच्याकडे बघून काठी हातात घेणाऱ्या मुलींची संख्या या भागात वाढते आहे. त्या मुलींच्या तोंडात काय आहे, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा.

आता तो खरा आक्षेप. "श्वास अडतो. बोलता येत नाही. उलटीसारखं होतं. पोरं दोन मिनिटांत काढून खिशात टाकतात." यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण तो खेळाच्या दुकानात टांगलेल्या, एकाच मापाच्या, पाकीट फोडून थेट तोंडात घालायच्या गार्डबद्दल खरा आहे. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून पळायला लावायचं आणि मग चपलेनं पळता येत नाही म्हणायचं, तसा हा प्रकार. ते गार्ड दातांवर बसतच नाही. ते जागेवर ठेवायला दात सतत आवळून धरावे लागतात. तोंड आवळलेलं असेल तर श्वास कुठून घेणार? मागची बाजू टाळूपर्यंत गेलेली असते, म्हणून उबळ येते. आणि नेमका मार बसतो तेव्हा खेळाडूचं तोंड धापेने उघडं असतं, म्हणजे गार्ड तेव्हाच निसटलेलं असतं. असलं गार्ड घ्यायचंच नाही, हे माझं स्पष्ट मत. या बाबतीत वस्ताद आणि मी एका बाजूला आहोत.

यापुढची पायरी म्हणजे उकळत्या पाण्यात मऊ करून तोंडात चावून बसवायचं गार्ड. काही शे रुपयांत मिळतं, बहुतेक शहरी खेळाडू हेच वापरतात. नीट बसवलं तर कामाचं आहे. पण "नीट" हा शब्द इथे फार महाग पडतो. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त उकळलं तर आकार जातो. मऊ झाल्यावर पोरगं ते जीव खाऊन चावतं, आणि जिथे जाडी हवी तिथेच पापुद्रा उरतो. वरून बघितलं तर गार्ड ठीक दिसतं. बोटाने चाचपलं तर दाढांखाली आरपार जाणवतं. बसवताना हलकेच चावायचं, बोटांनी बाहेरून ओठ-गाल दाबायचे, जिभेने आतून टाळूकडे ओढायचं, एवढं शिकवणारा कुणी शेजारी असेल तर हे गार्ड घ्यावं. घरी आरशासमोर एकट्याने बसवलेल्या गार्डवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. दातांना तारा लावलेल्या मुलांनी तर ते बसवण्याआधी तारा लावणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं, नाहीतर गार्ड तारेत अडकून बसतं.

तिसरं गार्ड दंतवैद्याकडचं. दातांचा ठसा घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात आणि तापवून मऊ केलेली ईव्हीएची (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची) शीट त्यावर निर्वात यंत्राने किंवा दाबाने बसवतात. हे गार्ड वरच्या दातांना स्वतःहून पकडून राहतं. तोंड पूर्ण उघडा, ते पडत नाही. पाणी प्या, खोका, वस्तादांशी भांडा, ते जागेवर असतं. श्वास अडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण दात आवळावे लागत नाहीत. घेताना एक गोष्ट मात्र ठासून विचारा. "किती जाडीची शीट वापरली?" हे विचारू नका, कारण तापवून ओढताना शीट पातळ होते. तयार गार्डची पुढच्या दातांसमोरची जाडी मोजून दाखवायला सांगा. ती ३ ते ४ मिलिमीटर असावी. त्याहून कमी असेल तर मार पुरेसा शोषला जात नाही, आणि चारच्या पुढे जाडी वाढवली तर फायदा फारसा वाढत नाही, तोंड मात्र भरून जातं. दोन थर दाबाने एकमेकांवर चिकटवून बनवलेलं गार्ड जाडी चांगली टिकवतं, म्हणून जमेल त्याने तेच मागावं.

कबड्डीवाल्यांचा दम घुमवण्याचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण जगातल्या इतर कुठल्याही खेळाच्या माहितीपत्रकात त्याचं उत्तर सापडत नाही. चढाई करणाऱ्याने "कबड्डी" हा उच्चार एका दमात, पंचाला ऐकू जाईल असा करत राहायचा. चढाई तीस सेकंदांपर्यंत चालते. "ब"साठी दोन्ही ओठ मिटावे लागतात आणि "ड्ड"साठी जीभ टाळूला लागावी लागते. म्हणजे गार्डची पुढची भिंत ओठ मिटू देणारी आणि टाळूकडची कड नीट कातरून दातांच्या मुळाशी आणलेली हवी. दुकानातल्या गार्डमध्ये हे दोन्ही अशक्य. ठशावरून बनवलेल्या गार्डमध्ये ते कात्री आणि पॉलिशचं काम आहे. दंतवैद्याच्या खुर्चीतच खेळाडूला तीस सेकंद "कबड्डी कबड्डी" म्हणायला लावा. अडलं तर तिथेच कातरून घ्या. आजूबाजूचे रुग्ण हसतील, हसू द्या. पहिल्या आठवड्यात उच्चार थोडा जाड येतो, सरावाने तो जातो. आणि जो कोपरारक्षक फार तर सामन्यात एकदा-दोनदा चढाईला जातो, त्याला तर हे कारणही लागू नाही. घोट्याला सूर मारणारा तोच, टाच खाणारा तोच, आणि त्याला दम घुमवायचा नसतो.

श्वासाबद्दल जाता जाता एक वाक्य मैदानाच्या कडेला बसलेल्या जाणत्यांसाठी. गालात माव्याची गोळी धरून चार तास सामने बघताना ज्यांचा श्वास अडत नाही, त्यांनी पोरांच्या श्वासाची काळजी जरा जपून करावी.

पैशाचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ठशावरून केलेलं गार्ड खाजगी दवाखान्यात दीड-दोन हजारांपासून पुढे पडतं, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला ते परवडत नाही. पण ज्या घरात पोराच्या खुराकाला दूध, तूप, बदाम यांवर महिन्याला हजारो रुपये बिनतक्रार जातात, त्या घरातून हा आक्षेप आला की मला हिशेब मांडावासा वाटतो. पुढचा एक दात गेला तर कृत्रिम दात बसवायला गार्डच्या कितीतरी पट पैसे लागतात. त्याहून वाईट गोष्ट पैशाची नाहीच. तेरा वर्षांच्या मुलाला हाडात स्क्रू बसवून दात लावता येत नाही, कारण जबडा अजून वाढतो आहे. ती वाढ थांबेपर्यंत, म्हणजे साधारण अठरापर्यंत आणि मुलग्यांत बऱ्याचदा त्याहून पुढे, तात्पुरत्या दातावर भागवावं लागतं. सातवीत गेलेला दात कॉलेज सुरू होईपर्यंत पक्का मिळत नाही. हे वडिलांना आधी कुणी सांगत नाही, मग दवाखान्यात कळतं.

वाढत्या वयामुळे एक गैरसोय आहे, ती लपवत नाही. दुधाचे दात पडून पक्के येत असताना बनवलेलं गार्ड वर्षभरातच घट्ट होतं किंवा निसटू लागतं. त्यामुळे आठ ते तेरा वयात दर हंगामाला तपासायचं आणि लागलं तर बदलायचं. मोठ्यांचं गार्ड चावून फाटलं, कडा उघडल्या की बदलायचं. वापरून झालं की थंड पाण्याने धुवा, भोकं असलेल्या डबीत ठेवा. गरम पाणी नको, आणि मे महिन्यात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. म्हसवडच्या उन्हात अर्ध्या तासात ते दुसऱ्याच कुणाच्या दातांचं होऊन जाईल. दुसऱ्याचं गार्ड वापरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण तालमीत एकच टॉवेल सगळ्यांचा असतो म्हणून सांगतो.

इथवर मी गार्डच्या विरोधकांशी भांडलो. आता गार्डच्या समर्थकांशी दोन शब्द. विक्रेते सर्रास सांगतात की गार्ड घातलं की डोक्याला मार बसत नाही, मेंदूला धक्का पोचत नाही. हे सिद्ध झालेलं नाही. या विषयावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. दात, ओठ आणि जबडा यांच्याबाबत मात्र पुरावा चांगला आहे. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात गार्ड न वापरणाऱ्यांना तोंडाच्या दुखापतीचा धोका १.६ ते १.९ पट आढळला. एवढं पुरेसं आहे, त्यावर खोट्या आश्वासनाचा वर्ख चढवायची गरज नाही. तो वर्ख धोकादायकही आहे. डोकं आपटून पोरगं भोवंडलं असेल आणि कुणी म्हणालं, "गार्ड होतं की, काय नाय हुत, खेळ," तर ते गार्ड नसण्यापेक्षा वाईट. डोक्याला मार बसला की मैदानाबाहेर, गार्ड असो वा नसो.

राहिला "नियमात नाही" हा क्रीडाशिक्षकांचा मुद्दा. बॉक्सिंगमध्ये तो केव्हाच निकालात निघाला. लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउस यांनी १८९० मध्ये गटापर्चाच्या (रबरासारख्या झाडाच्या चिकाच्या) पट्ट्या बॉक्सरांच्या दातांवर बसवायला सुरुवात केली. आज हौशी बॉक्सिंगमध्ये गार्डशिवाय रिंगणात पाऊल टाकता येत नाही, आणि गार्ड लाल रंगाचं चालत नाही, कारण रक्त आलं तर ते दिसायला हवं. हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तोंडाच्या संरक्षणाची शिफारस आहे, सक्ती नाही. शिफारस आणि सक्ती यांत काय फरक पडतो, ते न्यूझीलंडने दाखवलं. तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस रग्बीत गार्ड सक्तीचं झालं. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतल्या दातांच्या दुखापतींसाठी सरकारी अपघात विम्याकडे येणारे दावे ४३ टक्क्यांनी घटले. रग्बी तिथला जीव की प्राण खेळ, तो काही मऊ झाला नाही. आपल्याकडे तालुका स्तरावरच्या शालेय स्पर्धेत कुणी सक्ती आणेपर्यंत थांबायचं तर आणखी एक पिढी जाईल. नियमाने अडवलेलं नाही एवढं पुरे आहे. शाळेने आपल्या संघापुरता नियम करावा, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

एवढं करूनही कधीतरी कुणाचा दात मुळासकट बाहेर येईलच, म्हणून हे इथेच सांगून टाकतो. पक्का दात मातीत पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं नाही, फडक्याने पुसायचं नाही. हौद्याच्या मातीत हळद, ताक, तेल असतं म्हणून ती औषधी, ही श्रद्धा या बाबतीत बाजूला ठेवायची. दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुऊन दात शक्य असेल तर लगेच त्याच जागी बसवायचा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायचा. मुलगा घाबरला असेल, जमत नसेल, तर दात थंड दुधात टाकायचा आणि दवाखाना गाठायचा. नुसत्या पाण्यात ठेवू नये. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात मरतात, मग दात परत रुजण्याची आशा फार कमी उरते. जत किंवा आटपाडीहून सांगलीला पोचेपर्यंतच तास उलटून जातो, त्यामुळे जे करायचं ते मैदानातच. तालमीत दुधाचा तोटा नसतो, ही यात जमेची बाजू. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी दोन्ही वेळा करायची.

माझं मागणं शेवटी फार मोठं नाही. सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. दोन जिल्ह्यांत किमान तीन महाविद्यालयं, तिथे ठसे घ्यायला शिकणारे विद्यार्थी आणि शिकवणारे प्राध्यापक. शीट दाबून बसवण्याचं यंत्र दातांच्या इतर कामांनाही लागतं, ते काही खास आणावं लागत नाही. दुसरीकडे शेकडो शाळा आणि तालमी. जून महिन्यात शाळा उघडल्या की, शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधी, दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी तालुकावार एक-एक दिवस ठरवावा, महाविद्यालयांनी ठसे घ्यायला विद्यार्थी पाठवावेत, आणि कुस्ती, कबड्डी, हॉकी, बॉक्सिंगच्या मुलामुलींना साहित्याच्या खर्चात गार्ड मिळावं. तो खर्चही ज्यांना जड असेल, त्यांच्यासाठी मैदानं भरवणाऱ्या यात्रा समित्यांनी एका इनामी कुस्तीची रक्कम बाजूला काढावी. आणि वस्ताद, पहिला ठसा द्यायला तुम्ही स्वतः तुमच्या सगळ्यांत तयारीच्या पठ्ठ्याला घेऊन या. त्याच्या तोंडात बसलं की बाकीची पोरं आपोआप रांगेत उभी राहतील.